आधी तीन इंजेक्शनं, मग बाकीचं बोलणं

वणी भागातल्या एका गावातून एका सासूबाईंचं पत्र आलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव काढून त्यांच्याच शब्दांत थोडक्यात देते.

"मॅडम, माह्या सुनेले सहावा महिना चालू हाय. मांगच्या हप्त्यात लसीकरणाच्या दिवशी सिस्टरनं तिच्या बोटातून रक्त घेतलं आन् तिले बाजूले बसवून काहीतरी सांगतलं. घरी आली तं बोलेच नाई, नुसती रडे. मी तिचं कार्ड पाह्यलं, नात्यातल्या एका पोट्टीनं वाचून सांगतलं का हे गरमीचं हाय, तीन इंजेक्शनं घ्या लागते. माहा पोरगा बोअरवेलच्या गाडीवर हाय, वर्षातले बरेच महिने तेलंगणातच राह्यते. सून तं वावरात जाते तेही माह्याच संग. मंग हे आलं कुठून? दोन वर्षाआधी तिचं पह्यलं लेकरू आठव्या महिन्यात पोटातच गेलं, अंगाची सालटं निघाली होती. ते यानंच गेलं का? शेजारीन म्हनते का पोटुशी बाईनं एवढं गरम इंजेक्शन घेतलं तं हेही लेकरू जाईन. वावरात कापूस फुटला हाय. वेचणी झाल्यावर नेलं तं चालन का? तवरक तिचं ताट-गिलास येगळं ठेवू का? का माहेरी धाडून देऊ?"

काकू,

वेचणीचं आधी सांगते, कारण घाई तिथेच आहे. थांबू नका. याच आठवड्यात, जमलं तर उद्याच, सुनेला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. आज तिला सहावा आहे, वेचणी आटोपेपर्यंत आठवा लागेल. गरमीचे, म्हणजे सिफिलिसचे, जंतू आईच्या रक्तातून वारेतून बाळापर्यंत जातात, आणि जितके दिवस उपचार लांबतो तितके दिवस बाळ त्यांच्या तडाख्यात राहतं. बाळंतपणाच्या निदान ३० दिवस आधी आईला पेनिसिलिन मिळायला लागलेलं असलं पाहिजे, नाहीतर बाळाचा उपचार झाला असं आम्ही धरत नाही. त्यातून या आजारात कळा दिवस भरण्याआधीच येण्याची भीती असते. म्हणजे तुम्ही मनात धरलेली नववा महिना भरायची तारीख आपल्याला मिळेलच असं नाही. आज गेलात तर हाताशी भरपूर वेळ आहे. दोन महिन्यांनी गेलात तर नसेल.

इंजेक्शनं तीन आहेत: एक पहिल्या दिवशी, दुसरं सात दिवसांनी, तिसरं त्यानंतर सात दिवसांनी. सोमवारी पहिलं घेतलं तर पुढचे दोन सोमवार. गरोदर बाईच्या बाबतीत हे अंतर पाळावंच लागतं. मधला आठवडा चुकला आणि दिवस वाढले, तर डॉक्टर पुन्हा एकपासून मोजायला लावतात. तेव्हा वेचणीला बाया लावायच्या असतील तर ते तीन दिवस सोडून लावा, किंवा तिला दवाखान्यात न्यायचं काम आशाताईंवर सोपवा. त्या खुशीनं नेतील, त्यांचं ते कामच आहे.

आता हा आजार काय आहे ते नीट ऐका, कारण तुमच्या पत्रातली निम्मी भीती त्यातून जाईल. गावात ज्याला गरमी म्हणतात त्याचं पुस्तकातलं नाव उपदंश, डॉक्टर त्याला सिफिलिस म्हणतात. तो जंतूमुळे होतो. शरीरसंबंधातून लागतो आणि गरोदरपणात आईकडून बाळाला जातो. जंतू अंगात शिरल्यावर साधारण तीन आठवड्यांनी, कधी दहा दिवसांत तर कधी तीन महिन्यांनी, शिरला त्या जागी एक फोड किंवा जखम होते. ती दुखत नाही. बाईच्या बाबतीत ती आतल्या अंगाला असली तर तिला दिसतही नाही. काही आठवड्यांत औषधाशिवाय भरून येते. पुढे कधी अंगावर, तळहातावर, तळपायावर डाग उठतात, बारीक ताप येतो, तेही आपोआप जातं. मग आजार गप्प बसतो. वर्षानुवर्षं गप्प बसतो. माणूस खातो-पितो, राबतो, त्याला काहीच होत नाही. म्हणून तर दर गरोदर बाईचं रक्त तपासायचं असतं, तक्रार असो की नसो. तुमच्या सुनेला काही त्रास नाही, म्हणजे तपासणी खोटी असेल, असं धरू नका.

तपासणीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण "व्हीडीआरएल पॉझिटिव्ह" एवढ्या दोन शब्दांवरून घराघरांत गोंधळ होतो. गावात सिस्टर करतात ती बोटातल्या थेंबाची तपासणी. हातात मावेल एवढी पांढरी प्लॅस्टिकची पट्टी असते. तिच्या खळग्यात रक्ताचा एक थेंब, त्यावर बाटलीतल्या औषधाचे दोन-तीन थेंब, आणि मग पंधरा-वीस मिनिटं वाट पाहायची. वरची रेघ उमटली म्हणजे पट्टी चांगली आहे. खाली एक जागा एचआयव्हीची, एक सिफिलिसची. बऱ्याच ठिकाणी आता दोन्ही एकाच पट्टीवर असतात. सिफिलिसच्या जागी रेघ आली म्हणजे हा जंतू आज किंवा मागे कधीतरी अंगात शिरला होता. आज आहे की मागे होऊन गेला, ते ही पट्टी सांगू शकत नाही. त्यासाठी दंडातून रक्त काढून व्हीडीआरएल किंवा आरपीआर करतात, आणि त्यात १:२, १:८, १:३२ असे आकडे येतात. रक्त पातळ करत करत कुठपर्यंत खूण मिळते, ते हा आकडा सांगतो. मोठा आकडा म्हणजे आजार जागा आहे. उपचारानंतर तो आकडा उतरायला हवा, १:३२ चा १:८ झाला की औषध लागू पडलं असं आम्ही समजतो.

सुनेच्या कार्डावर नेमकी कुठली तपासणी लिहिली आहे, हे पत्रावरून मला कळत नाही. सिस्टरला एवढंच विचारा: "पट्टीवर आलं की आरपीआरवर?" नुसत्या व्हीडीआरएल-आरपीआरमध्ये लहान आकडा कधी कधी दुसऱ्याच कारणानं येतो. हिवताप, क्षयरोग, कुष्ठरोग, काही सांध्यांचे आजार, कधी तर नुसतं गरोदरपणसुद्धा. आपल्या भागात हिवताप काही नवा नाही. म्हणून दोन्ही प्रकारच्या तपासण्या जुळवून पाहायच्या असतात. पण यातली खरी गोम पुढे आहे: दुसरा रिपोर्ट येईपर्यंत पहिलं इंजेक्शन थांबवायचं नाही. गावातल्या गरोदर बाईची पट्टी पॉझिटिव्ह आली की पहिला डोस त्याच भेटीत द्यावा आणि पुढचं रक्त तेव्हाच घ्यावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे. रिपोर्ट तालुक्याला जातो, परत यायला दिवस लागतात, तोवर बाई शेतात, आणि मग सापडतच नाही. समजा नंतर कळलं की आजार नव्हताच, तरी एका जास्तीच्या पेनिसिलिननं तिचं फारसं बिघडत नाही. उलट झालं तर लेकरू जातं.

"मंग हे आलं कुठून?" काकू, हे रक्तातून कळत नाही. कुठल्याही तपासणीत हे लिहून येत नाही की कोणाला आधी झाला आणि कोणाकडून कोणाला गेला. तो सुनेला या वर्षी लागला असेल, लग्न झाल्यावर लगेच लागला असेल, किंवा मुलाला लग्नाआधीच कधी झाला असेल आणि तो भला माणूस विसरूनही गेला असेल. गप्प बसलेला आजार आहे तो. तुम्हीच लिहिता की सून तुमच्या नजरेखाली असते. मग तिच्या चालीवर शंका घ्यायची वेळ आलीच कशी? आणि मुलगा बाहेर राहतो म्हणून त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करा, असंही मी म्हणणार नाही. घरातलं ते भांडण एकदा सुरू झालं की पोरगी माहेरी जाते, पोरगा गाडीवर परत जातो, आणि इंजेक्शन कोणीच घेत नाही. पुढे पोटातल्या बाळाची किंमत मोजून घरातले शहाणे होतात. भांडायचं असेल तर बाळ हातात आल्यावर भांडा. मला वाटतं, तेव्हा तुमचं मन होणार नाही.

तुम्ही ते कार्ड दुसऱ्याकडून वाचून घेतलंत, तेही मला बोललंच पाहिजे. तुम्हाला कार्ड वाचता आलं नाही, काळजीपोटी केलंत, मला समजतं. पण ते सुनेचं कार्ड आहे आणि तिच्या अंगाची गोष्ट आहे. सिस्टरनं तिला बाजूला बसवून सांगितलं ते याचसाठी. आता ती पोट्टी आणि तुम्ही सोडून ही गोष्ट बाहेर जाता कामा नये. त्या मुलीला आजच जवळ बसवून सांगा. आणि सुनेला सांगा की मला कळलं आहे आणि मी तुझ्यासोबत दवाखान्यात येते. एवढं वाक्य तिला सासूच्या तोंडून ऐकू आलं, तर ती तिन्ही सोमवार येईल. नाही आलं तर पहिल्या सुईनंतरच घाबरून घरी बसेल, असं मी फार वेळा पाहिलं आहे.

पहिल्या लेकराबद्दल मला फार वाईट वाटतं. आठव्या महिन्यापर्यंत सांभाळलेलं पोट होतं ते. ते याच आजारानं गेलं असू शकतं. सिफिलिस असून उपचार न झालेल्या गरोदर बायांमध्ये निम्म्याहून जास्त वेळा काही ना काही विपरीत घडतं: गर्भ पडतो, बाळ पोटात जातं, दिवस भरण्याआधी किंवा फार कमी वजनाचं होतं, किंवा आजार घेऊनच जन्मतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१६ या एका वर्षात जगात साडेसहा लाखांहून जास्त बाळांना हा आजार आईकडून लागला आणि त्यातली सुमारे दोन लाख दगावली. पण सालटं निघाली म्हणून याच आजारानं गेलं, असं मात्र म्हणता येत नाही. बाळ पोटात जाऊन एक-दोन दिवस तसंच राहिलं की कुठल्याही कारणानं गेलेलं असो, त्याची कातडी सुटते. त्या वेळचं कार्ड घरात असेल, कपाटात, साडीच्या घडीत, कुठेही, तर शोधा आणि सोबत न्या. तेव्हा सिफिलिसची तपासणी झाली होती का, काय आलं होतं, बीपी किती होता, साखर किती होती, रक्तगट कोणता, हे डॉक्टर त्यावरून पाहतील. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. आपल्या विदर्भात ती विसरायची गोष्ट नाही, आणि पोटात बाळ जाण्याचं तेही एक कारण असतं. ते बाळ तुमच्या हलगर्जीपणानं गेलं असं मनाला लावून घेऊ नका. जे कळलंच नव्हतं त्याचा उपचार तुम्ही कसा करणार होतात?

शेजारणीच्या "गरम इंजेक्शना"चं. हे बेंझाथिन पेनिसिलिन आहे. या आजारावर पेनिसिलिन १९४३ पासून वापरात आहे आणि इतक्या वर्षांत हा जंतू त्याला पुरून उरलेला नाही. गरोदर बाईला, बाळाच्या दृष्टीनं, हेच औषध द्यावं लागतं. गोळ्यांनी भागत नाही. काही गोळ्या गर्भाला चालत नाहीत, आणि ज्या आईला चालतात त्या वारेतून बाळापर्यंत पुरेशा पोचत नाहीत. कोणी खासगी दवाखान्यात "इंजेक्शन नको, गोळ्या देतो" म्हणालं तर तिथून उठा.

इंजेक्शन दुखतं, हे मी लपवत नाही. बाटलीत पांढरी भुकटी असते, पाणी घालून हलवली की घट्ट दुधासारखं होतं, म्हणून सुईही जाड लागते. एका वेळचा डोस २४ लाख युनिटचा, म्हणजे सहसा १२ लाखांच्या दोन बाटल्या, एक उजव्या कुल्ल्यात आणि एक डाव्या. हळूहळू द्यावं लागतं. आधी हातावर चाचणी करून पेनिसिलिनचं वावडं आहे का ते पाहतात, आणि इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसवून ठेवतात. तो अर्धा तास पूर्ण बसा, बस निघाली म्हणून उठू नका. तिला पूर्वी कधी पेनिसिलिननं पुरळ उठली असेल, श्वास लागला असेल, तर सिस्टरला आधीच सांगा. खरंच वावडं निघालं तरी उपाय आहे. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजसारख्या किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयासारख्या मोठ्या जागी भरती करून, अगदी थोड्या थोड्या मात्रेनं अंगाला औषधाची सवय लावून, मग पेनिसिलिनच देतात.

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी रात्री तिला ताप, थंडी, अंगदुखी होऊ शकते. एका झटक्यात खूप जंतू मरतात त्याची ती खूण, साधारण एका दिवसात ओसरते. हे आधी माहीत नसलं की घरात "बघ, बाधलं" असं होतं आणि पुढची दोन राहून जातात. पाणी भरपूर द्या, तापाची गोळी सिस्टरकडून आधीच मागून ठेवा. मात्र पोटात कळा आल्या, अंगावरून गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळ होण्याची वाट न बघता १०२ किंवा १०८ ला फोन करून गाडी बोलवा.

केंद्रात गेल्यावर "इंजेक्शन संपलं आहे, पुढच्या आठवड्यात या" असं उत्तर मिळालं तर घरी परतू नका. ग्रामीण रुग्णालयात पाठवा म्हणून चिठ्ठी मागा आणि तिथे फोन करून औषध आहे ना ते विचारायला लावा. असं मागणं हा तिचा हक्क आहे, आणि सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत.

ताट-गिलास वेगळं ठेवू नका. एका ताटात जेवल्यानं, एका संडासात गेल्यानं, कपडे एकत्र धुतल्यानं, तिच्या हातची भाकर खाल्ल्यानं हा आजार लागत नाही. ताट वेगळं केलंत तर आठ दिवसांत साऱ्या गल्लीला कळेल, त्याशिवाय दुसरं काही होणार नाही.

मुलाला मात्र बोलवा. यात मी अजिबात सवलत देणार नाही. गरोदर बाईचं रक्त आपण सगळे धावपळ करून काढतो, आणि नवऱ्याला बोलवायची वेळ आली की सगळे माना खाली घालतात, आमच्या पेशातले लोकसुद्धा. तो न तपासता, न औषध घेता राहिला तर तिची तिन्ही इंजेक्शनं झाल्यावरही आजार तिला पुन्हा लागू शकतो, आणि मग बाळाला. फोनवर कारण सांगायची गरज नाही, "दवाखान्याचं काम आहे, दोन दिवस येऊन जा" एवढं पुरे. येणं जमतच नसेल तर तो आहे तिथल्या सरकारी रुग्णालयात तपासणी आणि इंजेक्शन दोन्ही होतं. त्याची एचआयव्हीची तपासणीही त्याच वेळी व्हावी. दोघांचा उपचार पूर्ण होईपर्यंत त्यांनी लांब राहायचं, आणि त्यानंतरही निरोध वापरायचा की नाही हे सिस्टर किंवा समुपदेशक त्या दोघांशी बोलतील. तिथे तुम्ही नसलात तर बरं. त्याला बोलायची लाज वाटत असेल तर १०९७ हा सरकारी फोन आहे, फुकट आहे, नाव विचारत नाहीत.

बाळंतपण घरी करायचं नाही, हे तर सांगायलाच नको. बाळ झाल्यावर त्याचंही रक्त तपासतात, आईच्या आकड्याशी त्याचा आकडा ताडून पाहतात, डोक्यापासून पायापर्यंत तपासतात. गुटगुटीत दिसलं तरी तपासायचं, कारण या आजाराची खूण कधी कधी काही आठवड्यांनी दिसते: नाक सारखं वाहणं, तळहात-तळपायाला डाग, पोट फुगणं. आईची तिन्ही इंजेक्शनं वेळेवर झाली असतील तर बाळाला बहुतेक वेळा एका इंजेक्शनवर भागतं. झाली नसतील तर दहा-दहा दिवस दवाखान्यात सुया टोचाव्या लागतात, आणि तेवढ्याशा अंगावर ते बघवत नाही. दूध तिचंच पाजायचं, पहिल्या तासापासून. स्तनावर जखम असेल तेवढीच अडचण. पुढे तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात बाळाचं रक्त पुन्हा तपासायचं. बाळाचा आकडा उतरत उतरत साधारण सहाव्या महिन्यापर्यंत नाहीसा व्हायला हवा. सुनेची पट्टी मात्र बरं झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच येत राहील. पुढच्या खेपेला नव्या सिस्टरला हे माहीत नसेल, म्हणून या वेळचे आकडे आणि इंजेक्शनांच्या तारखा असलेला कागद जपून ठेवा.

आपल्याकडे हे शक्य आहे का, असं कोणी विचारलं तर शेजारच्या श्रीलंकेकडे बघा म्हणावं. आईकडून बाळाला हा आजार जाणं त्यांनी जवळपास संपवलं, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तसं प्रमाणपत्रही दिलं. त्यांच्याकडेही हीच तपासणी आणि हेच इंजेक्शन आहे.

राहिलं माहेर. रागानं धाडू नका. आराम म्हणून जायचं तिच्याच मनात असेल तर तिसरं इंजेक्शन झाल्यावर जाऊ द्या. त्याआधी जाणं टळत नसेल तर सिस्टरला सांगून माहेरच्या उपकेंद्रात तिची नोंद करून घ्या, उरलेल्या इंजेक्शनांच्या तारखा कार्डावर लिहून घ्या, आणि ते कार्ड तिच्याच पिशवीत ठेवा.